गळती कमी पडते

गॅस गळायला लागला की आधीच ओरडेल असं यंत्र आमच्या तारापूरच्या कारखान्यात हवं, म्हणून वर्षभर मीच मोठ्या साहेबांच्या मागे लागलो होतो. सुरक्षेचं खातं माझं आणि बिऱ्हाड कारखान्याला लागूनच, सरावलीत. शेवटी कृत्रिम बुद्धिमत्तेवर संशोधन करणारे तिघे आले.

पंधरा दिवस जुन्या नोंदी चाळून त्यांचा म्होरक्या म्हणाला, "सर, तुमच्याकडे गळती फारच कमी होते. मशीन शिकणार कशावर?"

माफी मागावी की काय, मला कळेना.

मग त्यांनी प्रश्नच बदलला. कुणाच्या डोक्यावर हेल्मेट नाही ते कॅमेऱ्यातून ओळखणारं यंत्र केलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मी चिडून तसं बोललोही. तिघे मनापासून हसले.

प्रात्यक्षिकाच्या दुपारी साहेब, समोसे, सगळं हजर. पडद्यावर सगळी डोकी हिरव्या चौकोनात. तेवढ्यात आमचे चिंचणीचे मामा दारात आले. जन्म कोळ्याच्या घरातला, पण वीस वर्षं इथले व्हॉल्व्ह सांभाळतात. वारा कळावा म्हणून पाइपाला बायकोच्या लुगड्याची चिंधी बांधून ठेवतात.

"वास येतो, सायेब. वारा सरावलीकडं हाय. ह्यांना समुद्राच्या अंगाला काढा."

मी बायकोला फोन लावून "खिडक्या बंद कर" एवढंच म्हणालो.

मास्कचे पट्टे हेल्मेटवरून बसत नाहीत. मामांनी हेल्मेट फेकलं, मास्क चढवला आणि ते व्हॉल्व्हभोवतीच्या पांढऱ्या धुरात शिरले.

त्याच क्षणी यंत्र पहिल्यांदा किंचाळलं. पडद्यावर मामांच्या डोक्याभोवती लाल चौकोन.

"सर, पकडलं!" म्होरक्या आनंदाने ओरडला. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण माझी नजर धुरावरून हलेना. मामा दिसेनात. फोनवर बायको विचारत होती, काय झालं, काय झालं.

मामा खोकत बाहेर आले तेव्हा व्हॉल्व्ह बंद झाला होता. मी तिथेच पायरीवर बसलो.

आठवड्याने अहवाल आला: यंत्राची पहिली यशस्वी नोंद, एक कामगार विनाहेल्मेट. सोबत मामांच्या नावाची ताकीद, माझ्या सहीसाठी. सही केली नाही, साहेबांकडे जाऊन फाडलीही नाही. ती ड्रॉवरमध्ये पडून आहे.

मामा अधूनमधून विचारतात, "सायेब, त्या कागदाचं काय केलंत?"

मी खिडकीतून चिंधीकडे बघतो आणि विचारतो, "मामा, आज वारा कुठला?"