पिशवीमास्तरच्या तीन शिट्ट्या

पिशवीमास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हता. बसथांब्याजवळच्या जिन्याखाली बसून तो फाटक्या बॅगा शिवायचा, अडकलेल्या चेनी सोडवायचा, छत्र्यांच्या काड्या बसवायचा. मास्तर हे नाव आम्हीच त्याला दिलं. आधी चेष्टेनं, मग मनापासून.

तरुणपणी तो जंगल मोजणाऱ्या टोळीत मोजणीची साखळी ओढायच्या कामावर होता. एकदा टोळीपासून चुकला आणि चार दिवस रानात एकटा पडला. सापडला तेव्हा डाव्या पायाची दोन बोटं गेलेली होती आणि डोक्यात एक वेड शिरलेलं होतं. माणूस रानात चुकणारच, पण रिकाम्या हातानं चुकू नये.

आमच्या वस्तीतल्या चाळीसेक बाया लाकडं आणि औषधी मुळ्या गोळा करायला डोंगरावर जातात. वर धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसत नाही. दरवर्षी कुणीतरी चुकतं. वस्तीच्या संघटनेचे अर्ज मीच लिहितो, म्हणून सरकारी कार्यालयात विचारायला गेलो, तर साहेब म्हणाला, त्यांना तिकडं जायला सांगतं कोण? मी म्हटलं, चूल सांगते. उत्तर फक्कड होतं, वस्तीत महिनाभर गाजलं. उपयोग शून्य.

मास्तर साहेबाकडे गेलाच नाही. त्यानं जुन्या बॅगांच्या कापडातून कमरेला बांधायच्या पिशव्या शिवल्या. प्रत्येक पिशवीत मेणात बुडवलेल्या काडेपेटीच्या काड्या, घडी केलेला प्लास्टिकचा मोठा कागद, दहा हात दोरी, साखर-मिठाच्या पुड्या, लोकरीची टोपी आणि एक शिट्टी. सुट्टीच्या दिवशी संघटनेच्या खोलीमागच्या अंगणात तो वर्ग घ्यायचा. ओल्या फांदीची साल सोलून आतलं कोरडं लाकूड कसं काढायचं, ते करून दाखवायचा. जमिनीवर तसंच बसू नका म्हणायचा, थंडी आभाळातून कमी आणि खालून जास्त चढते, आधी पाल्याचा ढीग करा. बाया त्याची खेचायच्या. एक म्हणाली, मास्तर, एवढं दुकान कमरेला बांधलं तर लाकडं काय तुम्ही आणणार? तो म्हणाला, आणतो, तू पिशवी बांध.

शेवटचा धडा शिट्टीचा. चुकलात तर हलू नका. आहात तिथं बसा, तीन शिट्ट्या वाजवा, थांबा, परत तीन. तीन म्हणजे, मी इथे आहे, या. टोळीत हेच शिकवलेलं. त्याचा स्वतःचा जीव याच तीन शिट्ट्यांनी वाचला होता.

आणि त्याच तीन शिट्ट्यांपायी त्याची थोरली बहीण गेली. कशी गेली ते कार्यालयाच्या कागदात नाही, म्हणून मी लिहितोय. कागदात ‘स्वतःच्या निष्काळजीपणामुळे’ असं आहे. ज्यानं ते लिहिलं त्यानं तो डोंगर खिडकीतून तरी पाहिला असेल का, कोण जाणे.

आईबाप लवकर गेले, तेव्हा ताईनंच मास्तरला वाढवलं. सुरुवातीला तिनं पिशवीला हातही लावला नाही. तुझं नाक पुसत होते तेव्हापासून डोंगर चढतेय, मला कसले धडे देतोस, म्हणायची. पुढे लेकीनं तिच्यासाठी खास निळा पट्टा लावून पिशवी शिवली. ही लेक, म्हणजे मास्तरची भाची, जिन्याखाली त्याच्याच शेजारी मशीनवर बसायची. मग मात्र ताई ती पिशवी अंगण झाडतानासुद्धा बांधून मिरवायला लागली.

धुक्याच्या एका दुपारी सतरा बाया वर होत्या. सोळा उतरल्या. आम्ही दोन दिवस शोधलं, तेही चुकीच्या अंगाला, कारण सगळ्यांना वाटलं ती ओढ्याकडे उतरली असेल. ओढ्याच्या खळखळाटात काही ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती डोंगरातल्या दगडखाणीच्या वरच्या अंगाला सापडली. पाल्याच्या ढिगावर बसलेली, पाठ खडकाला, अंगावर प्लास्टिकचा कागद, डोक्यात टोपी. पायाशी चिमूटभर राख. शिकवलेलं सगळं तिनं केलं होतं. एकही गोष्ट चुकली नव्हती. डॉक्टर म्हणाले थंडीनं गेली, नक्की कधी ते सांगता येणार नाही.

भाचीनं त्यातूनच आधार शोधला. शिट्टी कुणीच ऐकली नाही, म्हणजे पहिल्याच संध्याकाळी आईला झोप लागली असणार आणि ती झोपेतच गेली. आल्यागेल्याला ती हेच सांगायची. मास्तर मान हलवायचा.

दहाएक दिवसांनी त्या सोळांतली एक बाई पट्टा शिवून घ्यायला आली. भाची घरी गेली होती. बोलता बोलता बाई रडायला लागली. म्हणाली, आम्ही ताईसाठी थांबणार होतो, पण वर सुरुंगाच्या शिट्ट्या झाल्या म्हणून पळत खाली आलो. वाटलं तीही दुसऱ्या बाजूनं पळाली असेल. मास्तरनं विचारलं, किती शिट्ट्या? ती म्हणाली, तीन. सुरुंगाच्या तीनच असतात.

खाणीतला भोंगा सात महिने बंद होता. ठेकेदाराचा ‘पार्ट’ येतच होता, आजही येतोच आहे. म्हणून सुरुंग उडवायच्या आधी मुकादम साधी शिट्टीच तीनदा वाजवायचा. तीन म्हणजे, लांब पळा.

मास्तर लंगडत खाणीवर गेला. मी बरोबर होतो. मुकादम म्हणाला, त्या दोन दिवसांत धुक्यामुळे एकही सुरुंग लावला नाही. शिट्ट्या आम्हीही ऐकल्या, वाटलं पलीकडच्या खाणीतल्या आहेत. कामगार पत्र्यामागे जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी दुपारीसुद्धा बसले. ती बोलवत होती, आणि प्रत्येक शिट्टीला माणसं तिच्यापासून आणखी लांब जात होती.

मास्तरला हे कसं कळलं नाही असं कुणी विचारेल, तर त्यानं आधी मला विचारावं. मास्तर दिवसभर जिन्याखाली असायचा. मी मात्र भोंग्यासाठी तीन अर्ज लिहिले होते. ‘सध्या तीन शिट्ट्या वाजवून काम भागवतात’ हे वाक्य माझ्या हातचं आहे. आणि मीच अंगणात बसून मास्तरच्या धड्याला मान डोलवत होतो. बायांनाही दोन्ही ठाऊक होतं. पण वर्गातलं वर्गात, डोंगरावरचं डोंगरावर. दोन्ही एकत्र ठेवून कुणीच पाहिलं नाही.

उतरताना मास्तर वाटेत दगडावर बसला. चाळीस पिशव्या त्यानं वाटल्या होत्या. उद्या धुकं आलं आणि कुणी चुकली तर ती तीनच वाजवणार. हे सांगायलाच हवं होतं. पण अंगणात सांगायचं तर भाचीसमोर सांगायचं. आई झोपेत गेली नाही, दोन दिवस जागी होती, बोलवत होती, आणि बोलवायला मामानंच चुकीचं शिकवलं होतं. मी म्हटलं, नुसतं सांग की खूण बदलली, कारण कशाला हवं?

तो म्हणाला, “कारण नाही कळलं तर विसरतील. घाबरलेलं माणूस पहिलं शिकलेलंच वाजवतं.”

सुट्टीच्या दिवशी सगळ्या आल्या. भाची पुढेच बसली होती, मांडीवर एक पिशवी, हातात सुई. मास्तरनं उभ्यानं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, स्वतःची बाजू मांडली नाही. चूक माझी, एवढं दोनदा म्हणाला. मागे कुणीतरी तोंडात पदर धरला.

भाचीची सुई अर्ध्या टाक्यात थांबली.

“म्हणजे आई जागी होती.”

“हो.”

“कधीपर्यंत?”

“दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोकांनी ऐकलंय. पुढचं मला माहीत नाही, बाळा.”

तिनं टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला. मग विचारलं, “मामा, आता काय वाजवायचं ते सांगा.”

मास्तरनं तोंड उघडलं, मिटलं. तो वळून भिंतीपाशी गेला.

तेव्हा तीच उठली. म्हणाली, एकच. श्वास संपेपर्यंत लांब. मग दहा मोजायचे आणि परत एकच. खाणीत असं कुणी वाजवत नाही. सगळ्यांनी वाजवून दाखवा, लाजू नका.

तिनं हात वर केला आणि चाळीस शिट्ट्या एकदम वाजल्या. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभा होता, दोन्ही तळवे भिंतीला टेकवून. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे भाचीच्या हातावर होते. तिनं हात खाली घेतला, ओठांतल्या ओठांत दहा मोजले, आणि परत वर केला.