भोळ्या मुद्दाम हरला

गुत्त्याच्या कोपऱ्यात पत्त्यांचा डाव चाले आणि त्यात रोज जिंकणं ही भोळ्याची नोकरी. हसू नका, घाम त्यालाही फुटायचा. उस्ताद तीन पत्ते पालथे फिरवायचा. भोळ्या बावळट तोंड करून नेमका राणीवर बोट ठेवायचा. शेजारी पेला घेऊन बसलेल्या गावाकडच्या पाहुण्याला वाटायचं, हे ध्यान जिंकतं, मग आपण कुठं कमी? पाहुणा बसला की संपला. भोळ्याच्या बायकोला वाटे, नवरा वखारीत कारकून आहे. आम्ही शेजारी सगळं जाणून होतो, पण फुकटची करमणूक कोण घालवणार?

एका दुपारी गुत्त्यात त्याचे दाजी शिरले. थोरल्या बहिणीचे यजमान. ताई समोरच्या दवाखान्यात होती, दुसऱ्या दिवशी डोळ्यांची शस्त्रक्रिया, त्याचे पैसे दाजींच्या कमरेला. घसा ओला करून निघणार होते, तोच मेव्हणा दिसला. घरचाच माणूस खेळतोय म्हणजे डाव सरळ, म्हणत ते खेटून बसले.

भोळ्याची पाचावर धारण बसली. सांगावं कसं? आधीच्या गड्यानं असंच एकदा तोंड उघडलं होतं, तो आता डाव्या हातानं जेवतो. शेवटी भोळ्यानं आयुष्यातला एकमेव प्रामाणिक डाव टाकला. उघड्या डोळ्यांनी चुकीचा पत्ता उचलला. हरला. कपाळ बडवून घेतलं. म्हटलं, आता तरी दाजी उठतील.

दाजी खदखदून हसले. "अरे येड्या, राणी या टोकाला होती! मला दिसली ना. सरक जरा." आणि त्यांनी कमरेची गाठ सोडली.

ते रिकाम्या हातानं बाहेर पडल्यावर उस्तादानं भोळ्याची पाठ थोपटली. "तू जिंकलास की लोक बिचकतात रे. हरलास की त्यांना अक्कल फुटते. उद्यापासून हरायचंच."

संध्याकाळी भोळ्या ताई-दाजींना गाडीत बसवायला गेला. दाजींनी मान वर केली नाही. ताईनं चाचपत त्याचा हात शोधला.

"हे सांगत होते, तुझेही गेले म्हणून," ती हळूच म्हणाली. "जाऊ दे. घरी बायकोला कळू देऊ नकोस."