तो रेफरन्स मीच काढला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, पण हळहळू नका. ते मला नको.

शंकर नगरात आमचं ऑफिस होतं. दवाखान्याच्या वॉर्डात एकाच स्क्रीनवर सगळ्या पेशंटांचा ऑक्सिजन दिसतो ना, त्या यंत्राचा कर्नल, म्हणजे आतला गाभा, मी सांभाळायचो. मेमरी संपली की कर्नल एखादा जड प्रोग्राम मारतो आणि त्याची मेमरी परत घेतो. पण आधी त्या मेमरीवर हात ठेवावा लागतो, म्हणजे काम चालू असताना दुसरं कुणी ती मोकळी करत नाही. याला रेफरन्स म्हणतात. काम झालं की हात उचलायचा.

माझ्या कोडमध्ये एके ठिकाणी तो उचलायचा राहत होता. मेमरी अडकून बसायची. कुठे राहतोय ते शोधायला हवं होतं. घाई होती म्हणू? नव्हती. कंटाळा आला — मी रेफरन्स घेणंच काढून टाकलं.

स्वातीनं ते पाहिलं. तात्यापाऱ्यातली, म्हणजे तिथल्या जुन्या मराठी वस्तीतली, माझ्याच हाताखाली शिकलेली.

"दादा, रेफरन्स काहून काढला? मधातच प्रोग्राम स्वतःहून बंद झाला तं?"

"मी पाहून घेतलं. तू तुझं कर."

तिनं केलं. त्याच फाइलमध्ये एक संदेश बदलला — निव्वळ शब्द.

मग एका वॉर्डात मेमरी भरली, मधेच प्रोग्राम स्वतःहून बंद झाला आणि अख्खी स्क्रीनच बंद पडली. एका म्हाताऱ्याचा ऑक्सिजन उतरत होता. डबा घेऊन आलेल्या सुनेनं त्याचे निळे ओठ पाहिले, म्हणून तो वाचला.

मीटिंगमध्ये मॅनेजरनं विचारलं, "इस फाइल में लास्ट चेंज किसका है?"

"स्वाती का," मी म्हणालो.

खोटं होतं का? एक अक्षरही नाही.

ती समोरच बसली होती. दादानं पाहून घेतलं होतं, म्हणजे चूक आपलीच — असंच तिला वाटलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "मले दाखवा ना, माझं कुठं चुकलं?"

"होतं असं."

तिनं नोकरी सोडली. ते कामही सोडलं. मी गुपचूप रेफरन्स परत घातला, हात उचलायची राहिलेली जागाही शोधली — एका बैठकीत सापडली. शाबासकी मिळाली. घेतली.

नोकरी जाईल अशी भीती होती, असं म्हणणार नाही. मला कुणी काढलं नसतं. ते काम दुसऱ्या कुणाला येतच नव्हतं. मला फक्त चुकलेला दिसायचं नव्हतं. म्हणा काय म्हणायचं ते.

इतकी वर्षं झाली, दर दिवाळीला तिचा फोन येतो. मी उचलतो. यंदा म्हणाली, "माझ्या पोट्टीले कॉलेजात कॉम्प्युटरच घ्यायचं आहे, दादा. मी नाही म्हटलं. आपल्या घरात नाही ते डोकं."

मी म्हणालो, "बरं केलंस."