फोटो काढणाऱ्याचा फोटो

ऑफिसातला माझा जुना मित्र अरविंद गेल्याचं कळलं तेव्हा मी बोरिवलीच्या बँकेत रांगेत उभा होतो. त्याचा मुलगा निखिल फोनवर एवढंच म्हणाला, "काका, बाबा गेले..." पुढे काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भावजी, भिंतीवर लावायला यांचा एक धड फोटो नाही हो." कसा असणार? आमच्या ऑफिसच्या सहली, सोसायटीचा गणपती, माझ्या मुलीचं लग्न, सगळीकडे हा कॅमेऱ्यामागे. निखिलने आधारकार्डावरचा फोटो मोठा करून आणला, तर वहिनींनी विचारलं, "हे कोण?" बाकी सगळे फोटो अरविंदच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. तो सुरूच होईना आणि दुकानदार म्हणाला, फॉरमॅट करावा लागेल, म्हणजे आतलं सगळं जाणार.

माझा कॉम्प्युटर असाच बसला होता, तेव्हा अरविंद मुलुंडहून पेनड्राइव्ह घेऊन आला होता. त्यावर एक अख्खी सिस्टीमच होती. कॉम्प्युटर तिच्यावर चालू करायचा आणि आतल्या कशालाही धक्का न लावता फाइली बाहेर काढायच्या. "ट्राय दाब रे. इन्स्टॉल दाबलंस ना, तर वाट लागली. सगळं पुसलं जाईल." मग मलाही तसाच एक पेनड्राइव्ह करून दिला. "मी काय जन्मभर पुरणारेय तुला?" त्याच्या या मास्तरकीवर मी चिडायचो. आता ती फार आठवते.

तोच पेनड्राइव्ह घेऊन मी मुलुंडला गेलो. पडद्यावर ते दोन पर्याय आले, ट्राय आणि इन्स्टॉल. वहिनी मागेच उभ्या होत्या. ट्राय दाबलं... फोल्डर उघडले. सगळे फोटो शाबूत होते. ते माझ्या हार्डडिस्कवर उतरत असताना निखिल एकेक बघत होता. शेवटी माथेरानचा एक सापडला, टायमर लावून काढलेला. आम्ही सगळे दात दाखवत उभे, आणि माझ्या खांद्यावर हात टाकायला धावत येणारा अरविंद, जरा पुसट, खळखळून हसणारा.

"हाच," वहिनी म्हणाल्या.

निखिल फोटोतून मला कापायला लागला. हार घालायच्या फोटोत जिवंत माणूस कसा ठेवायचा? पण मला कापलं तर अरविंदचा पंजाही जात होता. मी म्हटलं, "राहू दे रे माझा खांदा."

माझ्या बायकोला ते अजून पटलेलं नाही. पण मुलुंडच्या त्या भिंतीवर हाराखाली माझा खांदा आहे, आणि अरविंदचा हात त्यावर पडायला अगदी थोडाच बाकी आहे.