अण्णांनी सोडलेली जागा

बसवराजअण्णा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांआधी त्याच्या डाव्या हाताची बोटं बघायचे. नवी पेठेत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. चाळिशी लागली, जवळची अक्षरं पुसट दिसायला लागली, म्हणून मी तिथं गेले होते. काउंटरवर हात ठेवून बसले, तर अण्णा समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगायचं सोडून माझ्या हाताकडेच बघत राहिले.

"मॅडम, गिटार वाजवता की काय?"

मी दचकलेच. बँकेत कुणाला ठाऊक नव्हतं, शेजारीपाजारी तर नाहीच. मुलीसाठी घेतलेली गिटार तिनं दोन महिन्यांत टाकून दिली होती आणि मी संध्याकाळी दार लावून त्याच गिटारशी झटापट करत होते.

"बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत की," अण्णा म्हणाले. "भांडी घासून असले पडत नाहीत." आणि त्यांनी स्वतःचा डावा हात माझ्यापुढे उताणा केला. साठीच्या माणसाची जाड बोटं, टोकं शिंगासारखी टणक झालेली. चष्म्याचा नंबर नंतर काढला. आधी माझा फोन मागून घेऊन मला त्यांच्या ग्रुपमध्ये घातलं.

आम्ही सहा-सात जण होतो. सगळे हौशी, अण्णा सोडले तर सगळे उशिरा शिकायला लागलेले. दर रविवारी प्रत्येकानं घरी वाजवून फोनवर रेकॉर्ड केलेलं एक गाणं टाकायचं, एवढंच. पण अण्णांचे नियम कडक. पहिला नियम, पहिल्या खेपेचं पाठवायचं. "दहाव्या खेपेचं गाणं म्हणजे तीनदा गरम केलेला चहा," असं ते म्हणायचे. दुसरा नियम, ऐकून झाल्यावर नुसतं अंगठ्याचं चित्र टाकायचं नाही. "अंगठा दाखवू नका, तोंड उघडा. एक खरं वाक्य लिहा."

माझं पहिलं रेकॉर्डिंग अजून आठवतं. एक जुनं सिनेमातलं गाणं, तेही निम्मंच. मधेच स्वयंपाकघरात कुकर वाजला आणि मी गडबडून थांबले, मग पुन्हा सुरू केलं. पाठवून फोन उशीखाली ठेवला. थोड्या वेळानं बघते तर अण्णांचा निरोप: "कुकरची शिट्टी सुरात आहे. तुमची खालची तार नाही." आणि त्याखाली: "चुकलं हे तुम्ही थांबलात म्हणून कळलं. चालत राहिला असता तर कुणाला कळलं असतं?" मी कितीतरी वेळ एकटीच हसत होते. त्यानंतर मी वाजवताना दार लावणं सोडून दिलं.

पुढे त्यांच्या घरी जाणं-येणं सुरू झालं. मॅडमची मी 'तंगी' झाले. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. अण्णांचं रेकॉर्डिंग हा एक सोहळाच असायचा. रस्त्यावरचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीवर जाड चादर टांगायची, पंखा बंद करायचा, काचांच्या रिकाम्या खोक्यांची चळत रचून तिच्यावर फोन टेकवायचा, आणि शेवटी आत बघून हाक मारायची, "महादेवी, जरा गप्प बस की!"

कारण महादेवी वहिनी गुणगुणायच्या. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना, शेंगा सोलताना. अक्कलकोटकडचं त्यांचं माहेर. ओठांवर बहुतेक कानडी गाणी. हाक आली की त्या हसायच्या, पदराचं टोक तोंडाला लावायच्या आणि अण्णांचं वाजवून होईपर्यंत भाकरीसुद्धा थापायच्या नाहीत. पीठ माखलेले हात तसेच धरून बसलेल्या मी त्यांना कितीदा बघितलंय.

एका रविवारी अण्णा हाक मारायला विसरले. गाणं एक जुनं कानडी भावगीत होतं. त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि दुसऱ्या कडव्यापाशी मागून, लांबून, वहिनींचा आवाज आला. रेकॉर्डिंग चाललंय याचा त्यांना पत्ताच नव्हता. नियमाप्रमाणे पहिल्या खेपेचं म्हणून अण्णांनी ते तसंच पाठवलं. होटगीला रेल्वेत असलेल्या शेखभाईंनी पहिलं वाक्य लिहिलं: "अण्णा, गिटार रहने दो, पीछे कौन गारे वो बोलो." मग एकेकानं तेच विचारलं. मी ते रेकॉर्डिंग चारदा ऐकलं. शब्द कळत नव्हते, पण आवाज असा होता की हातातलं काम थांबावं. मुद्दाम गायलेला नव्हता म्हणूनच असेल.

अण्णांनी दिवसभर काही लिहिलं नाही. संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा बोललेला निरोप आला, जरा घोगऱ्या आवाजात: "ती आमची मंडळी."

झालं, सगळे मागे लागले. पुढच्या रविवारी वहिनींना घेऊनच बसा. अण्णा हो म्हणाले. पण तो रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. मी दुकानात जाऊन विचारलं.

"तिची पट्टी वेगळी आहे गं," ते म्हणाले. "तिथं माझी बोटं बसेनात."

"मग चिमटा लावा की तारांवर. आपोआप चढते पट्टी."

"लावून बघितलं. डब्यातून आल्यासारखा आवाज येतोय. तिच्या गाण्याला तसलं नको."

महिने गेले. दिवाळी झाली, सिद्धेश्वराची जत्रा झाली. अण्णांनी स्वतःची गाणी पाठवणं जवळजवळ थांबवलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागे गिटार घेऊन बसायचे आणि तेच एक भावगीत, तीच अवघड बोटं. एकदा मी चिडून म्हटलं, "आम्हाला पहिल्या खेपेचं पाठवा म्हणून सांगता आणि तुम्ही?"

अण्णांनी तारांवर तळहात ठेवून आवाज मिटवला. "ते तुमाआमाला, तंगी. तिला मी चाळीस वर्षं गप्प बस म्हटलंय. आता बोलवायचं तर नीट बोलवायला पाहिजे की नको?"



उन्हाळ्यात वहिनींच्या गळ्याला गाठ दिसायला लागली. तपासण्या झाल्या. काढून टाकावी लागेल, असं ठरलं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं होतं, की आवाजाची नस गाठीला चिकटून आहे. जपून करू, पण आवाज बदलू शकतो. ऑपरेशनला आठवडाभर अवकाश होता. त्या आठवड्यात अण्णांनी दुकान बंद ठेवलं. आम्हाला वाटलं, धावपळ असेल.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधी निघाली. वहिनी घरी आल्या, जेवायला लागल्या, हिंडाफिरायला लागल्या. आवाज मात्र आला तो नुसता फाटका, श्वासाचा. सहा महिने वाट बघा, डॉक्टर म्हणाले. सहा महिने बघितली. बोललेलं कळायचं, पण सूर धरायला गेलं की आवाज मधेच सुटून जायचा.

मी भेटायला गेले तेव्हा वहिनी आत चहा टाकत होत्या आणि स्वयंपाकघर गप्प होतं. अण्णा खालच्या आवाजात मला म्हणाले, "त्या आठवड्यात बोटं बसली होती गं. पूर्ण गाणं येत होतं. रोज सकाळी ठरवायचो, आज तिला बोलवायचं."

"मग?"

"बोलवलं असतं तर तिला काय वाटलं असतं? आवाज जाणार म्हणून शेवटचं म्हणवून घेतायत. ऑपरेशनच्या तोंडावर असलं अभद्र कशाला?" ते गिटारच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. "अन् आता कुठल्या तोंडानं बोलवू?"

त्यानंतर काही दिवसांनी, रविवार नसताना, ग्रुपवर अण्णांचं रेकॉर्डिंग आलं. तेच भावगीत, वहिनींच्या पट्टीत. एवढं स्वच्छ त्यांनी कधीच वाजवलं नव्हतं. पण गाण्याची चाल तारांवर नव्हतीच. नुसती साथ होती. कडव्यामागून कडवं, साथ चाललेली, आणि गाणारं कुणी नाही. नियमाप्रमाणे मी एक वाक्य लिहिलं: "अण्णा, मधे जागा फार मोकळी आहे."

त्यांचं उत्तर आलं: "होय. ती तिची आहे."

पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा दोघांना हुबळीला घेऊन गेला. दुकान दुसऱ्या कुणी घेतलं. निघताना अण्णांनी मला उरलेल्या नव्या तारांचा संच दिला आणि म्हणाले, "सोडू नको. चुकत चुकत वाजव." हुबळीहून ते आमची गाणी ऐकायचे, एकेक खरं वाक्य लिहायचे. स्वतः मात्र पुन्हा काही पाठवलं नाही. गेल्या श्रावणात सकाळी चहा घेता घेता ते गेले. ग्रुपवर त्यांच्याच नंबरवरून मुलाचा निरोप आला तेव्हा क्षणभर मला वाटलं, अण्णांनी गाणं पाठवलंय.

हुबळीला जाणं जमलं नाही. पंधरा दिवसांनी धीर करून वहिनींना फोन लावला. त्या फाटक्या, दमलेल्या आवाजात त्यांनी आधी माझ्या मुलीची चौकशी केली. मग स्वतःहूनच म्हणाल्या, "तुमच्या अण्णांचं ते गाणं रोज लावते मी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दुसऱ्या कडव्यात एक लांब ओळ हाय बघा. ती मला एका दमात कधीच म्हणता आली न्हाई. मधेच श्वास घ्यायचे मी, भलत्याच जागी. कुणाच्या ध्यानात येत नसेल असं वाटायचं." त्यांनी दम घेतला. "तिथं थांबलेत हो ते. बरोबर तिथंच. मी श्वास घेण्याइतके थांबलेत, अन् मग पुढं गेलेत. एवढी वर्षं गप्प बस म्हणायचे, अन् ऐकत होते की सगळं."

"ऑपरेशनच्या आधी ते तुम्हाला गायला बोलवणार होते, वहिनी," मी म्हटलं. "बोटं बसली होती त्यांची. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत."



"मला ठाऊक होतं आवाज जाणार म्हणून," वहिनी म्हणाल्या. "त्या आठवड्यात रोज लवकर भाकरी उरकून, हात धुऊन, तयार होऊन बसायचे मी. बाहेर ते तेच गाणं वाजवायचे, अन् मी आत बसायचे. म्हटलं, आज हाक मारतील."