कॅसेट तीनदा मागे नेली

मंडळातल्या मैत्रिणींनो, आजचंच सांगते, म्हणून लगेच फळ्यावर लिहितेय.

मी पोस्टाने बी. ए. करतेय, तुम्हाला माहीत आहे. आज मुलुंडच्या कॉलेजात आमचा रविवारचा वर्ग होता. सरांनी टीव्ही आणि व्हीसीआर लावला. पडद्यावरच्या बाई 'मागणीची लवचिकता' शिकवत होत्या. परीक्षा जवळ आलीय आणि मला काही कळेना.

"सर, परत लावा ना."

सरांनी तीनदा कॅसेट मागे नेली. मागून एक मुलगी म्हणाली, "मावशी, आम्हाला पाठ झालं, आता तरी सोडा!" सगळे हसले, मीही हसले.

म्हटलं, "सर, त्या दर वेळी तेच बोलतात हो."

सरांनी टीव्ही बंद केला. "काकू, मीठ महागलं तर कमी घ्याल?"

"छे!"

"आणि हापूस?"

"बघणारसुद्धा नाही."

"झालं तर! हीच लवचिकता."

आमचे हे असंच समजवायचे, माझा चेहरा बघून शब्द बदलायचे. ते गेल्यापासून अडलं की मी तेच पान पुन्हा वाचते.

तुमच्यापैकी कोणी संध्याकाळी अर्धा तास माझ्यासमोर बसेल का? अर्थशास्त्र यायला नको. "नाही ना कळलं?" एवढं विचारलं तरी पुरे.