खापर बसेल अशी चूल

तेव्हा मी ग्रामसेविका होते आणि आपल्याला सगळं कळतं, असं मला वाटायचं. सारंगखेड्याजवळच्या तापीकाठच्या एका गावात ग्रामपंचायतीने घरोघर बिनधुराच्या चुली घालायचा ठराव केला. माती गावाची, धुराडं पंचायतीचं आणि शिकवायला मी. चुलीचा नकाशा तालुक्याहून आलेला.

पहिली चूल एका विधवा मावशीच्या घरी घातली. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या धुरापुढे बसून तिचा एक डोळा गेला होता, दुसऱ्यातून सारखं पाणी यायचं. तो वाचवायचा तर धुरात बसू नका, असं शहाद्याच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. चूल पेटवली, धूर सरळ वर गेला. मावशी कितीतरी वेळ धुराड्याकडे बघत बसली. मला फार आनंद झाला. हां हां म्हणता अर्ध्या गावात चुली झाल्या.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी बघते तर एकही चूल धड नाही. सगळ्या चुलींची वरची भोकं फोडून मोठी केलेली आणि घरभर धूर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशीला मी नको नको ते बोलले. निदान स्वतःच्या डोळ्याची तरी कीव करायची, म्हटलं.

ती शांतपणे म्हणाली, "मन्ही लेक आखाजीले उनी व्हती. तुन्ही चूलवर खापर कोठे बसस?"

कोपऱ्यात मातीचं खापर होतं, घागरीएवढं. ते चुलीवर उपडं घालून त्यावर हातावर मोठी केलेली पुरणपोळी टाकायची. माहेरी आलेल्या लेकीला ती पोळी नसेल तर आखाजी कसली? नकाशातलं भोक तव्यापुरतं होतं. नकाशा काढणाऱ्याने खापर पाहिलं नसेल. मी तर याच घरात पोळ्या खाल्ल्या होत्या.

"आम्हले कोनी इचारं?" मावशी म्हणाली.

मी सरपंचांना सांगितलं. त्यांनी पहिल्यांदाच बैठकीला बायका बोलावल्या. त्या दाराशी बसल्या, पण बोलल्या. एकीने तर मापासाठी खापरच आणलं. नवा ठराव तालुक्याला गेला, शेरा घेऊन परत आला, पुन्हा गेला. मातीचं भोक मोठं करायला एवढे कागद कशाला लागावेत? माती तर गावातच होती. निदान मावशीची चूल मी तेव्हाच घालून द्यायला हवी होती. सहीवाचून हात लावायला मी भ्यायले, याची मला आजही लाज वाटते.

मंजुरी आली तेव्हा पुढचा उन्हाळा लागला होता. आखाजीला मावशीच्या नव्या चुलीवर खापर नीट बसलं. पोळ्या लेक करत होती. मावशी भिंतीला टेकून होती. दुसरा डोळाही दिवाळीच्या सुमारास गेला होता. तिच्यासमोर मला बसवेना.

तिने हात पुढे करून लेकीचा चेहरा चाचपला, डोळ्यांखालून बोट फिरवलं.

"पानी नई शे," ती म्हणाली. मग माझ्या दिशेने वळली. "आते बठास्ना घर, गावभर, अशीच चूल घाल. कागदनी वाट देखू नको."